मुले, तरुण आणि कुटुंबांमधील ख्रिस्ती सेवाकार्य: कोकणातून शिक्षणाची वाट कशी आखावी

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला, की वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या भाविक समुदायांमध्ये, एखादा तरुण किंवा तरुणी आपल्या पाळकांना अथवा धर्मगुरूंना हमखास विचारते, की मला लहान मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये सेवा करायची आहे, तर मी कोणता कोर्स करू? प्रश्न प्रामाणिक असतो, परंतु तो उलट्या टोकाने विचारलेला असतो. आपल्याकडे या कामासाठी एकच ठरलेली पदवी नाही, ती देणारी एकच संस्था नाही आणि पदवी हाती आली म्हणजे नेमणूक मिळेलच अशी व्यवस्थाही नाही. नेमणूक करते ती मंडळी, धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश), शाळा, वसतिगृह किंवा एखादी ख्रिस्ती संस्था, आणि यांपैकी प्रत्येकीला कोणते शिक्षण चालते याचे उत्तर वेगळे असते. म्हणून काम कुठे आणि कोणाच्या अधिकाराखाली करायचे हे आधी ठरवावे, त्या कामाला काय लागते ते त्यानंतर पाहावे आणि अभ्यासक्रमाची निवड सर्वांत शेवटी करावी. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे.

पहिली पायरी: आपल्या किनाऱ्यावरची व्यवस्था ओळखणे

कॅथलिक कुटुंबातील विद्यार्थ्याने आपले गाव कोणत्या धर्मप्रांतात येते हे प्रथम नीट समजून घ्यावे. वसई धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. अलिबाग, रेवदंडा, कोर्लई हा रायगडचा पट्टा आजही मुंबई महाधर्मप्रांताकडेच आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मोडतात. हा केवळ नकाशाचा तपशील नाही. वसईत दाट वस्तीची, जुनी आणि मनुष्यबळाने संपन्न धर्मग्रामे (पॅरिश) आहेत, तर सिंधुदुर्ग धर्मप्रांतात विखुरलेल्या वाड्या, थोडी कुटुंबे आणि लांबची अंतरे आहेत. पहिल्या ठिकाणी धर्मशिक्षणाच्या वर्गाला इयत्तावार शिक्षक मिळू शकतात. दुसऱ्या ठिकाणी पाच वर्षांचे मूल आणि नववीतला मुलगा एकाच बाकावर बसलेले असतात. या दोन ठिकाणी लागणारी तयारी एक नसते.

प्रॉटेस्टंट बाजूला 1823 पासून बाणकोट-हर्णै परिसरात शाळा काढणाऱ्या स्कॉटिश मिशनऱ्यांचा आणि पुढे रत्नागिरी-वेंगुर्ले भागात आलेल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा वारसा आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, अस्तित्वात आली आणि अनेक जुन्या मिशनांच्या मंडळ्या तिच्यात सामील झाल्या. त्याखेरीज मेथडिस्ट, साल्व्हेशन आर्मी, पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या आहेत, आणि त्यांचे नियम परस्परांशी जुळत नाहीत. सीएनआयमध्ये स्त्रियांनाही आचार्यपदाची, म्हणजे पाळकपदाची, दीक्षा मिळते. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूपद पुरुषांपुरते आहे, पण धर्मशिक्षक, समुपदेशक, तरुणांचे मार्गदर्शक ही कामे प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेले, स्त्री-पुरुष करतात. स्वतंत्र मंडळ्यांमध्ये अनेकदा पाळकांचा शब्द हाच नियम असतो, त्यामुळे तो शब्द कागदावर घेणे शहाणपणाचे ठरते.

आता पगाराचा प्रश्न, जो भक्तीच्या भाषेत झाकून ठेवण्याची आपल्याला सवय आहे. कोकणातील बहुतेक संडे स्कूल आणि धर्मशिक्षणाचे वर्ग विनावेतन चालतात आणि पुढेही तसेच चालतील. वेतन मिळते ते प्रामुख्याने दीक्षित पाळकाला, मिशनच्या वसतिगृहाच्या अधीक्षकाला, ख्रिस्ती शाळेतील शिक्षकाला किंवा समुपदेशकाला, धर्मप्रांताच्या समाजसेवा केंद्रातील कार्यकर्त्याला आणि बालसेवा किंवा तरुणसेवा करणाऱ्या संस्थांच्या पूर्णवेळ सेवकाला. ‘युवा सेवक’ अशी पाटी असलेली स्वतंत्र जागा मुंबईच्या काही मोठ्या मंडळ्यांत सापडेल; देवगड किंवा दापोलीत तिची वाट पाहत बसू नये. याचा सरळ अर्थ असा, की ज्याला कोकणातच राहून हे काम करायचे आहे त्याने धर्मज्ञानाच्या शिक्षणाला अध्यापन, समाजकार्य किंवा समुपदेशन यांपैकी एका व्यावसायिक शिक्षणाची जोड द्यावी. या लेखातून एकच सल्ला घ्यायचा असेल तर तो हा घ्यावा.

दुसरी पायरी: अर्जाआधीचे एक वर्ष

कोणत्याही प्रवेश अर्जाआधी किमान एक पूर्ण वर्ष एका मंडळीत, एका जबाबदार व्यक्तीच्या हाताखाली काम करावे. पूर्ण वर्ष म्हणण्याचे कारण कोकणाच्या दिनदर्शिकेत आहे. मे महिन्यात मुंबईचे नातेवाईक गावी येतात, वर्ग दुप्पट होतो आणि सुटीतील बायबल शाळेत न ओळखणारे चेहरेच जास्त दिसतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वाडीवरची मुले रविवारी येईनाशी होतात, कारण साकव पाण्याखाली असतो किंवा शेवटची एसटी बंद झालेली असते. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यामुळे एरवी समुद्रावर असलेले बाप घरी सापडतात. डिसेंबरमध्ये नाताळच्या नाटकासाठी सगळे येतात आणि जानेवारीत त्यांतले निम्मे नाहीसे होतात. केवळ मे महिन्याच्या शिबिरातील उत्साहावरून ज्याने आपले पाचारण, म्हणजे या सेवेसाठीची देवाची हाक, ओळखले, त्याने ऑगस्टमधला चार मुलांचा वर्गही घेऊन पाहावा.

या वर्षात एक वही ठेवावी. प्रत्येक वर्गानंतर काय शिकवले यापेक्षा मुलांनी काय विचारले, कोण गैरहजर होते आणि का, कोणत्या घरी जाणे झाले, कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, हे लिहावे. मुलांची खासगी दुःखे मात्र नावानिशी लिहू नयेत; वही हरवते आणि गाव लहान असते. वर्षाअखेरीस ही वही पुन्हा वाचली, की आपला कल कुठे आहे ते बऱ्यापैकी स्पष्ट होते. कोणाला सात-आठ वर्षांच्या मुलांत रमायला होते, कोणाला अठरा वर्षांच्या मुलाशी रात्री उशिरापर्यंत बोलणे जमते, तर कोणाचे खरे कौशल्य नवविवाहित जोडप्याच्या घरात असते. तिन्ही एकालाच जमतील असे गृहीत धरू नये. प्रवेशाच्या मुलाखतीत ‘तुमचे पाचारण सांगा’ असा प्रश्न येतोच, आणि तिथे सर्वसाधारण साक्षीपेक्षा या वहीतील दोन प्रसंग अधिक वजनदार ठरतात.

गिटार येत नसेल तर हे काम आपले नाही, असा एक विचित्र समज आहे. तो सोडून द्यावा. ऐकण्याची सवय, वेळ पाळणे आणि मुलांची नावे लक्षात ठेवणे या गोष्टी गिटारपेक्षा कितीतरी आधी लागतात.

तिसरी पायरी: सर्वसाधारण पदवी

बारावीनंतर थेट बायबल कॉलेजात जाण्याची घाई शक्यतो करू नये. पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत, आणि मानसशास्त्र, समाजशास्त्र, मराठी किंवा शिक्षणशास्त्र यांपैकी जवळच्या महाविद्यालयात जो विषय उपलब्ध असेल तो घेऊन पदवी पूर्ण करता येते. घर सोडणे शक्य नसेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ हे दोन पर्याय आहेत, आणि मंडळीत काम करीत करीत शिकणाऱ्याला ते विशेष सोयीचे पडतात.

पदवीनंतर व्यावसायिक जोड निवडावी. शाळेत स्थिर नोकरी हवी असेल तर बी.एड.; वसतिगृह, बालगृह किंवा सामाजिक केंद्राकडे ओढा असेल तर समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.; आणि कुटुंबसेवेकडे जायचे असेल तर मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण व त्यानंतर देखरेखीखालील समुपदेशन. मुंबईत 1936 मध्ये स्थापन झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि 1955 मध्ये धर्मभगिनींनी सुरू केलेले निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय ही समाजकार्याच्या शिक्षणाची जुनी ठिकाणे आहेत. चार आठवड्यांचे ‘ख्रिस्ती समुपदेशक’ असे प्रमाणपत्र हे या शिक्षणाला पर्याय नाही. ते जरूर घ्यावे, पण त्याच्या बळावर नैराश्याने ग्रासलेल्या मुलाला एकट्याने सांभाळायला जाऊ नये.

चौथी पायरी: धर्मज्ञानाचे शिक्षण

प्रॉटेस्टंट विद्यार्थ्यासाठी सर्वांत परिचित चौकट सेरामपूरची आहे. बंगालमधील हे महाविद्यालय 1818 मध्ये स्थापन झाले, 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला सनद दिली आणि आज त्याच्या सिनेटशी देशभरातील अनेक धर्मज्ञान महाविद्यालये संलग्न आहेत. (अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यातील श्रीरामपूरशी त्याची गल्लत करू नये, ती होते.) बारावीनंतर बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी), पदवीनंतर बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) आणि त्यापुढे एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) असा साधारण क्रम आहे. दीक्षा घेऊन पाळक व्हायचे असेल तर बहुतेक मुख्य प्रवाहातील मंडळ्या बी.टीएच. किंवा बी.डी. मागतात. बी.डी.मध्ये पवित्र शास्त्र (बायबल), धर्मसिद्धांत, मंडळीचा इतिहास, धर्म व समाज यांच्या जोडीला ख्रिस्ती सेवाकार्य हा विभाग असतो, आणि बाल-तरुण-कुटुंब सेवेत रस असलेल्याने ख्रिस्ती शिक्षण, पाळकीय निगा आणि समुपदेशन या विषयांकडे तिथेच लक्ष केंद्रित करावे. घर किंवा नोकरी सोडता येत नसेल त्यांच्यासाठी सिनेटचे बहिःस्थ अभ्यासक्रमही आहेत. संडे स्कूलच्या अनुभवी शिक्षकांसाठी ते मला निवासी शिक्षणापेक्षाही अधिक योग्य वाटतात, कारण असा शिक्षक वर्षभर दूर गेला तर गावातील वर्गच बंद पडतो.

कोकणाला जवळचे केंद्र म्हणजे पुणे. तिथे युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, आणि मूळ यवतमाळ येथे 1953 मध्ये सुरू होऊन 1983 मध्ये पुण्यात आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरीही आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीला घाबरून मागे फिरू नये, पण प्रवेशाआधी सहा महिने रोज थोडे वाचन करावे. दुसऱ्या बाजूने, इंग्रजीत शिकलेले सगळे मराठीत सांगता येते का हे दर सुटीत गावातल्या वर्गात तपासत राहावे; जे आपल्याच आजीला समजावता येत नाही, ते अजून आपल्याला समजलेले नसते.

कॅथलिक विद्यार्थ्याची वाट निराळी आहे. धर्मगुरू व्हायचे असेल तर धर्मप्रांताच्या किंवा संस्थेच्या पाचारण संचालकांशी बोलणे हीच सुरुवात असते, आणि पुढचे शिक्षण ते ठरवतात. गोरेगावचे सेंट पायस महाविद्यालय आणि 1955 मध्ये श्रीलंकेतील कँडीहून पुण्यास आलेले ज्ञानदीप विद्यापीठ ही त्या प्रशिक्षणाची ठिकाणे आहेत. प्रापंचिक सेवकाने आधी धर्मप्रांताच्या धर्मशिक्षण केंद्राचे शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण करावे. बेंगळुरूचे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र 1967 पासून अशा प्रशिक्षणासाठी ओळखले जाते. पोप फ्रान्सिस यांनी मे 2021 मध्ये धर्मशिक्षक हे प्रापंचिकांसाठीचे अधिकृत सेवापद म्हणून स्थापित केले, त्यामुळे या कामाला चर्चमध्ये नेमके स्थान मिळाले आहे. त्याने पगार सुरू झाला असे मात्र नाही. 2020 ची धर्मशिक्षणविषयक निर्देशिका, तरुणांविषयीचे 2019 चे आणि कुटुंबाविषयीचे 2016 चे पोपचे पत्रक, हे तीन दस्तऐवज मुलाखतीला जाण्यापूर्वी वाचलेले असावेत. कुटुंबसेवेत रस असणाऱ्याने माहीम येथील स्नेहालय या मुंबई महाधर्मप्रांताच्या कुटुंबसेवा केंद्राचे विवाहपूर्व वर्ग कसे चालतात ते पाहून घ्यावे.

पाचवी पायरी: माहितीपत्रक वाचणे आणि अर्ज करणे

बायबल कॉलेजांची माहितीपत्रके देखणी असतात आणि त्यांत हिरवळ भरपूर असते. आपण मात्र प्रथम मान्यतेचा रकाना शोधावा. ‘मान्यताप्राप्त’ या शब्दामागे कोणाची मान्यता आहे हे विचारल्याशिवाय राहू नये. सेरामपूरच्या सिनेटशी संलग्नता ही एक गोष्ट आहे. 1970 मध्ये स्थापन झालेल्या एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता ही दुसरी आहे, आणि तिला धर्मज्ञानाच्या क्षेत्रात मान असला तरी सरकारी नोकरीसाठी किंवा विद्यापीठातील पुढील प्रवेशासाठी ती विद्यापीठाच्या पदवीची जागा घेत नाही. परदेशातील कुठल्या तरी नावाने घरबसल्या ‘डॉक्टरेट’ देणाऱ्यांबद्दल काही न लिहिलेलेच बरे. तिसरी पायरी आधी ठेवली ती याच कारणाने: सर्वसाधारण पदवी हातात असेल, तर धर्मज्ञानाच्या पदवीची मान्यता मर्यादित असली तरी पुढचे दार बंद होत नाही.

त्यानंतर अभ्यासक्रमात बालविकास, ख्रिस्ती शिक्षण आणि समुपदेशन यांचे किती तास आहेत, हे तास कोण शिकवतो आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे आहे, हे विचारावे. ‘युवा सेवा’ या नावाखाली फक्त गाणी, खेळ आणि शिबिराचे नियोजन असेल तर तो अभ्यासक्रम दोन महिन्यांत आपल्याच मंडळीत शिकता येतो. विवाहित विद्यार्थ्यांची राहण्याची सोय, मुलींच्या वसतिगृहाचे नियम आणि मधूनच शिक्षण सोडावे लागल्यास शुल्क परतीचे काय, हे प्रश्न संकोच न करता लेखी विचारावेत.

अर्जासोबत सामान्यतः बाप्तिस्म्याचा व दृढीकरणाचा (श्रद्धा पक्की करण्याच्या विधीचा) दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, वैद्यकीय तपासणी, आत्मनिवेदन आणि पाळक किंवा धर्मगुरूंचे शिफारसपत्र लागते. बाप्तिस्म्याच्या नोंदीतील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव यांत फरक असणे आपल्याकडे सर्रास आढळते. नोंदवहीत पोर्तुगीज पद्धतीचे आडनाव आणि शाळेत गावठी उच्चाराप्रमाणे लिहिलेले. ही दुरुस्ती प्रवेशाच्या तोंडावर होत नाही, म्हणून दाखले आदल्या दिवाळीपर्यंत काढून तपासावेत. शिफारसपत्रातही दोन प्रकार असतात. एक केवळ चांगल्या वर्तणुकीचे, आणि दुसरे पुरस्कृत विद्यार्थी म्हणून, ज्यात शिक्षणानंतर मंडळी किंवा धर्मप्रांत आपल्याला सेवेत घेण्याचा विचार करील असे नमूद असते. दुसरे मिळवण्यासाठी कमिटीपुढे जावे लागते, तिथे थोडेफार राजकारण असते आणि वेळही लागतो, तरीही प्रयत्न करावा. शिक्षणाचा काही खर्च आणि पुढील नेमणूक या दोन्हींची वाट बहुधा त्याच पत्रातून जाते.

सहावी पायरी: नेमके काय शिकायचे

संडे स्कूलची चळवळ 1780 च्या सुमारास इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट राइक्स यांनी गिरणी-कारखान्यांच्या वस्तीतील मुलांसाठी उभी केली, आणि तिथे वाचन-लेखन हाही मुख्य विषय होता. इटलीतील धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी तुरीनमध्ये कामाच्या शोधात शहरात आलेल्या मुलांना एकत्र केले. बायबलच्या अभ्यासक सोफिया काव्हालेत्ती यांनी 1954 पासून रोममध्ये माँटेसरी पद्धतीच्या आधारे लहान मुलांना पवित्र शास्त्र शिकवण्याचा प्रयोग केला. हा इतिहास परीक्षेपुरता पाठ न करता, प्रत्येकाने आपल्या समोरच्या मुलांकडे पाहून पद्धत घडवली हे त्यातून टिपावे. आपणही तेच करायचे आहे. बाहेरून आलेल्या तयार पाठपुस्तिकांत बर्फाची घरे, सफरचंदाच्या बागा आणि मेंढ्यांचे कळप असतात. आपल्या मुलांनी यांतले काहीच पाहिलेले नसते, आणि जे पाहिलेले असते ते पुस्तिकेत नसते.

एक पाठ जवळून पाहू. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात, 35 ते 41 या ओव्यांत, येशू वादळ शांत करतो. शहरातील वर्गात शिक्षक फळ्यावर लाटा काढतो आणि मुले ‘शांत हो’ असे ओरडतात, तेवढ्यावर पाठ होतो. हाच पाठ अर्नाळ्याच्या किंवा हर्णैच्या कोळी मुलांपुढे घेतला तर पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येते, की नावेविषयी शिक्षकापेक्षा वर्गालाच अधिक कळते. येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपला होता असे वाचताच एखादा मुलगा विचारतो, की मागे तर सुकाणूवर तांडेल असतो, मग तो कुठे बसला होता? दुसरी म्हणते, वादळात कोणी झोपतच नाही. हे व्यत्यय नाहीत; पाठ इथेच सुरू होतो. मुलांनाच नाव काढू द्यावी, वारा कोणत्या बाजूने आला ते ठरवू द्यावे, घरात वादळाची खबर आली की आई काय करते ते सांगू द्यावे, आणि मग शिष्यांचा प्रश्न वाचावा: आम्ही बुडतो आहोत, याची तुम्हाला काळजी नाही काय? हा प्रश्न त्या वर्गातील प्रत्येक घराने कधी ना कधी विचारलेला असतो.

आणि इथेच प्रशिक्षित व अप्रशिक्षित शिक्षक वेगळे ओळखू येतात. नोव्हेंबर 2009 मधील फयान, जून 2020 मधील निसर्ग आणि मे 2021 मधील तौक्ते ही वादळे या किनाऱ्याला ठाऊक आहेत. ज्या मुलाच्या घरातील माणूस समुद्रावरून परतलेला नाही, त्याच्या देखत ‘प्रार्थना केली की वादळ थांबते’ असे ठोकून देणे हा क्रूरपणा आहे, आणि त्या मुलाने त्यातून काढलेला निष्कर्ष, म्हणजे आमची प्रार्थना कमी पडली, पुढे वर्षानुवर्षे पुसला जात नाही. म्हणून पाठाआधी वर्गातील घरांची माहिती असावी लागते, आणि त्या शास्त्रभागात येशू वादळात त्यांच्यासोबत नावेत होता या बाजूवर भर द्यावा लागतो. सात ते अकरा वर्षांचे मूल मूर्त गोष्टींवरून विचार करते हे मानसशास्त्रज्ञ पियाजेचे निरीक्षण बालविकासाच्या पुस्तकात वाचलेले असते. त्याचा उपयोग अशा क्षणी कळतो.

गाण्यांच्या बाबतीत एवढेच सांगतो, की दापोली तालुक्यातील करजगावी 1861 मध्ये जन्मलेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी मराठी मंडळीला अभंग आणि भजनाची चाल दिली; ती टाळ-मृदंगावर शिकून घ्यावी. कृतिगीते शिकायला एक दुपार पुरते.

तरुणांच्या सेवेत कोकणाची अडचण अशी, की दृढीकरण होते आणि लगेच गाव सुटते. बारावीनंतर मुले मुंबई-पुण्याला, जहाजावर किंवा आखातात जातात. म्हणून पंधरा ते अठरा या वयातच वसतिगृहातील एकटेपणा, मोबाइल, व्यसन, आंतरधर्मीय मैत्री व विवाह, कर्ज आणि नोकरीतील फसवणूक यांवर मोकळेपणाने बोलण्याची तयारी शिक्षणात करावी लागते. जाणाऱ्या प्रत्येक तरुणाचे नाव ज्या शहरात तो जातो तिथल्या मंडळीला कळवण्याची पद्धत लावावी. काम कारकुनी वाटते, पण तरुणसेवेतला निम्मा परिणाम त्यातून साधतो. त्यासाठी एक नोंदवही, फोन आणि पाठपुरावा करण्याची चिकाटी पुरते.

कुटुंबसेवेचा पाया बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे, जिथे घरी बसताना आणि वाटेने चालताना मुलांना शिकवण्यास सांगितले आहे. कॅथलिक धर्मविधीसंहितेचे 774 वे कलमही मुलांच्या श्रद्धाशिक्षणाची पहिली जबाबदारी आईवडिलांवरच टाकते. प्रत्यक्षात बाप जहाजावर, आई शाळेत किंवा बाजारात आणि मूल आजी-आजोबांपाशी, असे घर आपल्याकडे नवलाईचे नाही. अशा घरासाठी ‘पालकांचा मेळावा’ रविवारी अकराला ठेवून भागत नाही. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत बापांसाठी संध्याकाळी बैठक घ्यावी, आजीला मुलासोबत म्हणता येईल अशी पाच मिनिटांची प्रार्थना शिकवावी, आणि मासळी विकणाऱ्या आईला भेटायचे तर बाजार उठल्यावर जावे.

सातवी पायरी: मुलांची सुरक्षितता आणि कायदा

हा भाग ऐच्छिक नाही. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा 2012 चा कायदा, ज्याला सर्वजण पॉक्सो म्हणतात, अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानतो. त्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याची किंवा घडण्याची शक्यता असल्याची माहिती ज्याला आहे, त्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे, आणि न देणाऱ्याला कलम 21 खाली शिक्षा होऊ शकते. पाळकांशी बोलून ‘मंडळीतच मिटवू’ असे म्हणणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मदतीसाठी 1098 हा बालकांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहिलेला असावा.

रोजच्या कामात याचे रूप साधे असते. एका मुलासोबत बंद खोलीत एकट्याने बसू नये. वर्गात आणि प्रवासात किमान दोन प्रौढ असावेत. मुलींसोबत एक स्त्री कार्यकर्ती असावी. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत. अल्पवयीन मुलांशी रात्री खासगी चॅट करू नये. समुद्रावरच्या सहलीत भरती-ओहोटीची वेळ आणि जीवरक्षक यांची चौकशी केल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये; दर पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर काय घडते ते आपण वाचतो.

शेजारची अन्य धर्मीय मुलेही आपल्या शिबिरांना कुतूहलाने येतात. त्यांच्या पालकांची लेखी संमती घ्यावी, कार्यक्रमात काय असेल ते आधी सांगावे आणि खाऊ किंवा बक्षीस श्रद्धेच्या कोणत्याही कृतीशी जोडू नये. ख्रिस्ती शाळेत काम करणाऱ्याने राज्यघटनेचे कलम 28 वाचलेले असावे: सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीविना धर्मशिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही.

आठवी पायरी: क्षेत्रकार्य, पैसे आणि नेमणूक

क्षेत्रकार्यासाठी संस्था जे ठिकाण देईल ते न निवडता एकदा तरी आपल्या धर्मप्रांतातील सर्वांत दूरचे ठिकाण मागून घ्यावे, आणि एकदा मुंबईतील मोठी मंडळी किंवा वसतिगृह. पर्यवेक्षकाने लिहिलेल्या अहवालाची प्रत जपून ठेवावी. नेमणुकीच्या वेळी गुणपत्रिकेपेक्षा ती अधिक उपयोगी पडते.

खर्चाचा हिशेब शिक्षणशुल्कापुरता मांडू नये. भोजन, पुस्तके, वैद्यकीय खर्च, गावी ये-जा आणि त्या काळात घरी न येणारी कमाई, हे सगळे एका कागदावर मांडावे आणि त्याच्यापुढे धर्मप्रांताची मदत, संस्थेची शिष्यवृत्ती, घरचा वाटा आणि स्वतःची बचत लिहावी. मोठे खासगी कर्ज काढून धर्मज्ञान शिकू नये, कारण ज्या वेतनातून ते फेडायचे ते तुटपुंजे असते. नक्की किती, हे ऐकीव आकड्यावरून न ठरवता, आज ती नोकरी करणाऱ्या दोन-तीन जणांना घरी जाऊन विचारावे. त्यांच्या पत्नीला किंवा पतीलाही विचारावे, तिथे अधिक खरे उत्तर मिळते.

नेमणूक झाल्यावर पत्र लेखी घ्यावे. त्यात वेतन, राहण्याची सोय, प्रवासभत्ता, भविष्य निर्वाह निधी लागू आहे की नाही, सेवाकाल, कोणाला उत्तरदायी आहोत आणि आठवड्यातील सुटीचा दिवस स्पष्ट असावा. रविवार हा आपला कामाचा दिवस असल्यामुळे सुटीचा वार वेगळा ठरवून घ्यावा लागतो, आणि तो पहिल्याच महिन्यात ठरला नाही तर पुढे ठरत नाही. पहिल्या वर्षी नवे उपक्रम सुरू करण्याऐवजी कुटुंबांची यादी पूर्ण करावी आणि प्रत्येक घरी एकदा जाऊन यावे. त्या भेटींतून कोणत्या मुलांसाठी, कोणत्या वारी आणि कोणत्या वाडीत वर्ग लावायचा हे ठरेल, आणि दुसऱ्या वर्षाचा आराखडा कमिटीपुढे ठेवताना हाती प्रत्यक्ष माहिती असेल.